लाँचवरची आरशाची खोली

परवा नारायणगावच्या स्टँडवर एक बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बाटली उघडून आधी सासूला पाणी पाजलं, मग नवऱ्याला दिलं, आणि स्वतः घोटही न घेता झाकण लावून टाकलं. ऊन असं होतं की माझाच घसा सुकला होता. मी विचारलं, "तुम्ही नाही पिलात?" तर म्हणाल्या, "नको, गाडीत बसायचंय." बायकांना बायकांचं यापुढं काही सांगावं लागत नाही. जीप आली, आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो, आणि मला नाना आठवले. नाना तिथं असते तर त्यांनी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बाईंना विचारलं असतं, "पाणी पिलं का?"

हा प्रश्न मी सहा वर्षं ऐकला. आरोग्य सेविका म्हणून माझी नेमणूक आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, धरणाच्या काठच्या एका उपकेंद्रात झाली होती. माझ्या वाटणीच्या निम्म्या वाड्या पाण्यापलीकडं. रस्त्यानं जायचं तर तळेघरकडून वळसा, दोन जिपा बदलायच्या आणि वर डोंगरातली पायपीट. पाण्यातून जायचं तर लाँच. तीन-चार गावांनी मिळून घेतलेली ती जुनी लाँच नाना चालवायचे. आमच्या काठापासून शेवटच्या उंबरवाडीपर्यंत मधल्या वाड्या घेत जायला पावणेदोन तास लागत, आणि नानांना वाटेत कुणी ओळखीचं माशाच्या होडीत भेटलं तर दोन.

नाना साठीच्या पुढचे, काटक, आणि आवाज असा की त्यांनी तुमच्या कानात सांगितलेलं गुपित पलीकडच्या काठाला पोचायचं. इंजिनाशेजारी आयुष्य काढल्यावर माणूस असंच बोलणार. घरी जेवतानासुद्धा ते "आमटी वाढ" असं ओरडायचे आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, शांतपणे म्हणायची, "बंद करा इंजान." डोक्यावर पांढरी टोपी. वारं सुटलं की ती काढून मांडीखाली दाबून ठेवायची. त्यामुळं ती टोपी कायम बसल्यासारखी दिसायची.

धरण होण्याआधी नाना शेतकरी होते. त्यांची जमीन पाण्याखाली गेली, पण त्यांनी ती सोडली असं मला कधीच वाटलं नाही. ते लाँच चालवायचे त्यांच्या शेताच्या नकाशावरून. आमच्यासारख्यांना सगळीकडं सारखंच पाणी दिसायचं, नाना मात्र मोठ्यानं सांगत जायचे, "आलं चिंचेचं वावर." "आता इहिरीवर हाय आपण." "हितनं पुढं पाटलाची हद्द." नवा प्रवासी दचकून खाली पाण्यात बघायचा. एकदा एका पावण्यानं लाँचच्या कडेला उभं राहून पँटच्या चेनला हात घातला. पुरुषांची ती रीतच होती, बायकांनी फक्त तोंड पलीकडं करायचं. नाना गरजले, "ओ पावणं! ते वावर हाय माझं!" पावणं इतकं घाबरलं की पुढचा तासभर अवघडून बसलं. शेवटी उतरल्या उतरल्या करवंदीच्या जाळीमागं धावलं. बायका पदराआड हसल्या. त्या हसल्या खऱ्या, पण अवघडून बसण्याचं त्यांना काही नवल नव्हतं. त्या रोजच तशा बसत होत्या.

म्हणून तर तो प्रश्न होता. लाँचच्या फळीवर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला नाना विचारायचे, "पाणी पिलं का?" आणि प्रत्येक बाई म्हणायची, "पिलं, पिलं." सगळ्या खोटं बोलायच्या, मीसुद्धा. लाँचवर जायचं तर सकाळपासून पाणी तोडायचं हे तिथं लहान मुलीलाही शिकवावं लागत नसे. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या बायकांची लघवीची जळजळ त्या पाणी तोडण्यातून आलेली होती. मी त्यांना गोळ्या द्यायचे, भरपूर पाणी प्या म्हणायचे, आणि परतताना स्वतः कोरड्या घशानं लाँचमध्ये बसायचे. माझ्यासारखी ढोंगी बाई शोधून सापडली नसती.

नानांना हे खोटं कळायचं. स्टेरिंगच्या बाजूला त्यांनी एका भंगारातल्या जीपचा आरसा बसवला होता. मागची माणसं त्यात दिसायची. "व्हट सांगत्यात, सिस्टर," ते मला म्हणाले होते. "खोटं बोलणाऱ्या बाईचे व्हट सुकल्याले असत्यात."

त्यांना हे सगळं आधीपासून दिसत होतं, पण ते उचलून धरायला एक कारण घडलं. ते कारण म्हणजे त्यांची लेक, सुमन.

सुमन उंबरवाडीला दिलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला लघवी धरवत नव्हती. हे अनेकींचं होतं, पण कुणी बोलत नाही. बाळ सहा महिन्यांचं असताना ती माहेरी यायला निघाली. नेमकं त्या दिवशी पाण्याच्या मध्यावर लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यात माशाचं जाळं अडकलं आणि लाँच अर्धा तास जागच्या जागी उभी राहिली. नाना मागं पाण्यात ओणवे होऊन विळ्यानं जाळं कापत होते. इकडं सुमनचं लुगडं भिजलं. फळीवरून ओघळ आला. कुणीतरी पाय उचलून घेतले, कुणीतरी नाकाला पदर लावला, आणि एक जण हसला. बस, एवढंच. काठाला उतरून ती घरी गेली, दोन दिवस राहिली, आणि परत जाताना जिपा बदलत, डोंगर चढत, बाळाला कडेवर घेऊन गेली. त्यानंतर दोन वर्षं ती माहेरी आली नाही.

कारणं तिच्याकडं भरपूर होती. म्हैस व्यायला झालीय, सासूचा गुडघा धरलाय, थोरल्याची परीक्षा आहे. काकू करंज्या घेऊन तिकडं जाऊन यायची. नानांना यातलं काही माहीत नव्हतं, त्यांनी त्या दिवशी फक्त जाळं पाहिलं होतं. असे चार-पाच महिने गेल्यावर एका संध्याकाळी, बाकीचे उतरून गेल्यावर, त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याशी चक्क हळू आवाजात बोलले. त्यांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"सिस्टर, तुमी उंबरवाडीला जाता. माझी सुमी का येत न्हाई?"

"नाना, बायका मला जे सांगतात ते मी दुसऱ्याला सांगत नाही."

"नका सांगू." ते बराच वेळ दोरीची गाठ सोडत आणि बांधत बसले. "मला येवढंच सांगा. दोष जावयाचा हाय का लाँचचा?"

मी विचार केला. एवढं सांगायला हरकत नव्हती. "लाँचचा."

नानांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "लाँच दुरुस्त करता येती."

माझ्या नोकरीत मी बरेच डॉक्टर पाहिले, पण दुखणं कळल्यावर इतका हलका झालेला चेहरा दुसरा पाहिला नाही.

लाँचवर संडास करायचा हे ठरलं, पण कसा? भोक पाडून खाली पाण्यात सोडणं हा सगळ्यात सोपा मार्ग होता आणि दोघांतिघांनी तो सुचवलाही. नाना भडकले. "खालच्या गावांस्नी नळाला हेच पानी जातं. आन् माझ्या वावरात?" शेवटी उत्तर मोबाईलवर सापडलं. परदेशात कालव्यातल्या बोटीत घर करून राहणारं एक गोरं जोडपं होतं. त्यांनी आपला संडास कसा चालतो याचा व्हिडिओ केला होता. खाली ड्रम, वर बसायची जागा, लघवी पुढच्या पुढं वेगळी डब्यात, आणि मागच्यावर दर वेळी मूठभर भुसा. पाणी नाही, वास नाही, वर्षभरानं खत. नानांनी तो व्हिडिओ पन्नास वेळा तरी पाहिला असेल. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, मी अधूनमधून सांगायचे. पण ते त्या माणसावर बेहद्द खूश होते. "बादली उचलून दाखवतोय राव, बायकोसमोर! लाज न्हाई, काय न्हाई. ह्याला म्हणत्यात माणूस."

गावांची बैठक झाली. भुशाऐवजी भाताचं तूस आपल्याकडं ढिगानं आहे, राख आहे, हे लोकांना पटलं. सुताराचं काम कळंबचे गौतम मिस्त्री करतील हेही ठरलं. मिस्त्री नानांचे जुने दोस्त. लाँचचं सगळं लाकूडकाम त्यांचंच होतं. मग कोपऱ्यातून एकानं विचारलं, "पण भरल्याला ड्रम उचलायचा कुणी?" प्रश्न साधा होता. पण विचारताना त्याची नजर गौतम मिस्त्रींकडं गेली, आणि तिच्यामागं आणखी दोन-चार नजरा गेल्या. मिस्त्रींनी त्या पाहिल्या. हातातली मोजपट्टी मिटून खिशात घातली आणि शांतपणे म्हणाले, "खोली मी बांधीन, एक नंबर बांधीन. पण आमच्या वाडवडिलांनी गावाचं लई उचललं. मी ड्रम उचलणार न्हाई."

सगळे जमिनीकडं बघायला लागले. मला इतका संताप आला होता की मी काहीतरी बोलणार होते, पण नाना आधी उठले. "त्याला कुणी सांगितलं का उचलायला? लाँच मी चालवतो, ड्रम मी उचलणार. आन् ज्याला त्याची घाण वाटती त्यानं लाँचमधी बसताना पोट घरी ठिवून यायचं." बैठक हसली, पण विचारणारा हसला नाही. त्याचं नाव घेत नाही, कारण पुढं तो सुधारला.

मिस्त्रींनी खोली खरंच एक नंबर बांधली. लाँचच्या मागच्या टोकाला, उभं राहता येईल अशी, आतून कडी, वर वाऱ्याला नळी, तुसाचा डबा आणि त्यात नारळाच्या करवंटीचा डाव. नाना पहिल्या दिवशी लग्नाच्या मांडवात फिरावं तसे तिच्याभोवती फिरत होते. आणि आठवड्याभरात ती खोली अशी घाण वास मारायला लागली की लोक लाँचच्या पुढच्या टोकाला गर्दी करायला लागले. लाँच पुढं झुकून चालायची.

चूक आमच्या सगळ्यांचीच होती. त्या गोऱ्या माणसाला कागद पुरत होता. आमची माणसं तांब्या घेऊन आत जायची. ज्यांनी तांब्या नेला नाही त्यांनी धरणाचं पाणी बादलीनं वर ओढून घेतलं, आणि स्वच्छतेची आवड असलेल्या एका आजींनी तर जाताना दोन बादल्या ओतून सगळं धुऊन काढलं. कोरडा ठेवायचा ड्रम तुडुंब. तुसाचा चिखल. नानांनी तो ड्रम कसा उतरवला, खड्ड्यात कसा रिकामा केला, हे मी लिहीत नाही. त्यांनी त्या दिवशी तीनदा अंघोळ केली आणि काकूनं त्यांना जेवण ओट्यावर वाढलं.

मी म्हटलं, "नाना, लोकांना सांगा, पाणी वापरू नका."

"का न्हाई वापरायचं?" ते उलट माझ्यावरच घसरले. "धुणं ही चांगली सवय हाय. माणसं चुकली न्हाईत. खोली चुकली."

हे नानांचं वैशिष्ट्य होतं. माणसं आणि वस्तू यांचं भांडण लागलं की ते नेहमी वस्तूची चूक धरायचे. तीन दिवस खडूनं फळीवर रेघोट्या ओढून त्यांनी तोड काढली. बसायची एक जागा, आणि बरोबर एक पाऊल डावीकडं धुवायची दुसरी जागा. तिथलं पाणी नळीनं वेगळ्या कॅनमध्ये, आणि कॅन काठावरच्या केळीच्या आळ्यात. काम एवढंच, की उठायच्या आधी एक पाऊल सरकायचं. पण हे अक्षर न येणाऱ्यांना कसं सांगणार? काकूनं तेलरंगात आपले पाय बुडवले आणि फळीवर ठसे उमटवले, दोन इथं आणि दोन तिथं. कुणीतरी कुरकुरलं की लक्ष्मीची पावलं अशा जागी कशी काढली. काकू म्हणाली, "लक्ष्मीची कुटं? माझी हायत. चांगली फाटकी टाच दिसतीया की." त्यानंतर नानांचा दुसरा प्रश्न सुरू झाला. खोलीतून कुणीही बाहेर आलं की ते पुढूनच ओरडायचे, "सरकला का?"

वास गेला. खोली कोरडी राहू लागली. पुरुष जायला लागले. नानांच्या वावरावरचं संकट टळलं. पण बायका जाईनात. एकही नाही. महिना गेला, दोन गेले. त्या तशाच सुकलेल्या ओठांनी बसायच्या आणि "पिलं, पिलं" म्हणायच्या.

मी नानांना म्हटलं की वेळ लागेल. नाना आरशात बघत बसायचे. मग एक दिवस म्हणाले, "सिस्टर, मला कळलं. बाई उठून मागं निघाली की सगळ्या माना वळत्यात. आत काय करायला चालली ते समद्यांस्नी ठाऊक. येवढ्या नजरा पाठीवर घिऊन कोण जाईल? आन् त्यात एक नजर माझी. मी आरशातून बघतोय की."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टेरिंगजवळचा आरसा काढला. पान्यानं नट सोडवले, मागच्या खोलीत नेऊन तोंडाच्या उंचीला बसवला. शेजारी खिळ्याला दोरी बांधून कंगवा, आणि एका डबीत काकूनं दिलेल्या टिकल्यांचं पाकीट. मिस्त्रींनी दारावर निळ्या रंगात सुबक अक्षरात एकच शब्द रंगवला: आरसा.

मला वाटलं, म्हातारा येडा झाला. पण त्या बुधवारी बाजाराहून परतताना एक नवी सून उठली. उभं राहून जरा मोठ्यानंच म्हणाली, "वाऱ्यानं केसांचं पार टोपलं झालं बाई, आरशात बघून येते." आणि गेली. कुणाची मान वळली नाही, कारण केस नीट करायला जाणाऱ्या बाईकडं बघण्यासारखं काय असतं? ती आली तेव्हा केस खरंच चापून बसवलेले होते. मग तिची जाऊ उठली. मग आणखी एक, आणि शेवटी एक म्हातारी, जिच्या डोक्यावर विंचरण्याइतके केसही नव्हते. संध्याकाळी नाना मला म्हणाले, "सिस्टर, बायांचे आवाज मोजले मी. आज चार जणींनी केस इचरले." आणि टोपीनं डोळे पुसले. मीही पुसले. सांगायला लाज कसली?

त्या दिवसापासून नाना मागचं काही न दिसता लाँच चालवायचे. मी म्हटलं, "नाना, मागून दुसरी बोट आली तर?" ते म्हणाले, "धरणात दुसरी इंजानाची बोट हाय कुटं? आन् चालवणाऱ्यानं फुडं बघावं." तेव्हापासून त्यांनी मान वळवली नाही, अगदी भांडण झालं तरी. कोण आरशाकडं गेलं, कोण नाही, हे त्यांनी कधीच पाहिलं नाही. त्यांनीच तशी सोय करून ठेवली होती. "सरकला का?" हे मात्र ते पुढं तोंड ठेवूनच ओरडायचे.

भरलेले ड्रम झाकण लावून, वर खडूनं महिना लिहून, काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ओळीनं उभे असायचे. वर्ष झाल्याशिवाय नाना कुणाला हात लावू देत नसत. पहिला ड्रम उघडला तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. आत काळी, भुसभुशीत माती. नानांनी मूठभर उचलली, हुंगली, माझ्या नाकाशी धरली. मी सिस्टर असूनही डोळे मिटले. वास हिरड्याच्या झाडाखालच्या पाचोळ्यासारखा होता. नानांनी ती माती घमेल्यात भरली आणि थेट त्या बैठकीत प्रश्न विचारणाऱ्याच्या दारात नेली. "रानातली माती आणलीया, कशी हाय बघ." त्यानं चांगली चोळून पाहिली, वास घेतला, म्हणाला, "लई भारी राव, कुटनं आणली?" नानांनी सांगितलं. तो माणूस घमेल्याकडं आणि स्वतःच्या हाताकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "आणखी हाय का? दारात फणस लावायचाय." तो फणस आज चांगला वर आलाय. त्यानंतर भरलेला ड्रम शेडपर्यंत न्यायला नानांच्या समोरून हात लावणारा माणूस तोच होता. गौतम मिस्त्री शेडजवळ उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "सावकाश. माझ्या खोलीला धक्का लावू नका."

हे सगळं झालं, पण जिच्यासाठी झालं ती आली नव्हती.

सुमनला मी व्यायाम शिकवले होते, मंचरला डॉक्टरांकडं नेऊन आणलं होतं. वर्षाच्या आत तिचं दुखणं बरंचसं उतरलं. भीती मात्र उतरली नाही. मी तिला खोलीबद्दल सांगितलं, काकूच्या पावलांबद्दल सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "ताई, पंखा परत अडकला तर?" लाँच दिसली की ती काठावरचे कपडे गोळा करून घरात जायची. नानांनी तिला कधी निरोप धाडला नाही की ये म्हणून. उंबरवाडीला लाँच लावली की ते मुद्दाम दहा मिनिटं जास्त थांबायचे. इंजिनाला काहीतरी झालंय असं दाखवत तेल बघायचे, फडक्यानं पुसलेलं पुन्हा पुसायचे. मग "चला" म्हणायचे. हे त्यांनी किती दिवस केलं ते मी मोजलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ती दहा मिनिटं माहीत होती आणि घाई असलेला माणूसही तेव्हा गप्प बसायचा.

त्या दिवाळीत माझी जुन्नर तालुक्यात बदली झाली. भाऊबिजेच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या भेटी उरकून उंबरवाडीच्या काठावर आले. पाणी काठोकाठ होतं, ऊन कोवळं. नाना इंजिनावर वाकून दहा मिनिटं काढत होते. मी फळीवर बसले आणि पाहिलं तर वरच्या पायवाटेनं सुमन येत होती. कडेवर धाकटी, हातात पिशवी. काठाला येऊन ती थांबली. फळीकडं बघत राहिली. लाँचमधल्या बायकांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं आणि सगळ्या जणी भलतीकडं बघायला लागल्या. मग तिनं फळीवर पाय ठेवला.

नाना सरळ उभे राहिले. दोन वर्षांत काय काय बोलायचं ठरवलं असेल देव जाणे. बोलले एवढंच, "पाणी पिलं का?"

"पिलं," ती म्हणाली. तिचे ओठ सुकलेले होते. नानांनी ते पाहिले. ते पुढं गेले आणि इंजिन सुरू केलं.

पहिला तासभर ती माझ्या शेजारी पिशवीचा बंद आवळून बसली होती. पुढं नानांची पाठ ताठ, मान एकदाही वळली नाही. आरसा असता तर त्यांना लेक दिसली असती. तो त्यांनीच काढून दिला होता. मध्यावर आलो तेव्हा, त्या जाळ्याच्या जागेच्या आसपास, सुमननं धाकटीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि उठली. "ताई, केस बघते जरा," म्हणाली. मी मान डोलावली. लाँचमधल्या एकीनंही तिकडं पाहिलं नाही. इतक्या बायका एकदम डोंगराकडं बघताना मी पुन्हा कधी पाहिल्या नाहीत.

खोलीचं दार उघडलं, लागलं. पुन्हा उघडलं. नाना पुढूनच, कुणालाही विचारावं तसे ओरडले, "सरकला का?"

"सरकले, नाना."

ती येऊन बसली. भांग सरळ होता, कपाळावर काकूच्या पाकिटातली नवी टिकली होती. नानांचा हात स्टेरिंगवर क्षणभर सैल झाला, लाँच जराशी हेलकावली आणि पुन्हा सरळ झाली. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आलं चिंचेचं वावर."

सुमननं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. झाकण उघडलं. "नाना," तिनं हाक मारली, इंजिनाच्या वर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, अगदी बापासारखी. "मगाशी खोटं बोलले. पाणी पिलं नव्हतं. आता पिते."

अजून पाऊण तासाचं पाणी पुढं होतं, आणि ती बाटली तोंडाला लावून घटाघटा पीत होती. मी नानांकडं पाहिलं. त्यांनी टोपी मांडीखालून काढून डोक्यावर घातली. वारं होतं तरी घातली.

"पी," ते पुढं बघतच म्हणाले. "सावकाश पी."